वेशीबाहेरच्या तीन रात्री



मालवण तालुक्यातलं आचरा हे हजारो वस्तीचं गाव दर चार वर्षांनी रिकामं होतं. ग्रामदैवत रामेश्वराचा कौल मिळतो, दिवस ठरतो, आणि ठरल्या दिवशी माणसं घरं बंद करून वेशीबाहेर पडतात. गुरं, कोंबड्या, कुत्री सगळी बरोबर निघतात. खाडीकाठी, माळावर, शेजारच्या गावांच्या हद्दीत झावळ्यांच्या राहुट्या उभ्या राहतात. तीन दिवस, तीन रात्री सगळा संसार उघड्यावर चालतो. देव रामेश्वर असला तरी गावातली मुसलमान आणि ख्रिस्ती कुटुंबंही बाहेर पडतात. मुदत संपली की पुन्हा कौल लावायचा, देवाचा होकार आला की घरी परतायचं. ही आपली गावपळण. चिंदर आणि वायंगणीलाही ती आहे, वैभववाडी तालुक्यात शिराळ्याला तर दरवर्षी आहे.

‘निसर्ग आणि माणसाचं मन’ या विषयावर बोला, असं संयोजकांनी सांगितलं, तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा गावपळण आली. या विषयावरची व्याख्यानं बहुधा कवितांनी सुरू होतात, आणि आपल्या जिल्ह्यात कवींना तोटा नाही. त्यांच्याकडे मी येणार आहेच. पण निसर्गात मन ताजं होतं ही गोष्ट एकट्यादुकट्या कवीची नसून सगळ्या गावाची गरज असू शकते, हे मला गावपळणीनं शिकवलं. शेतकरी, दुकानदार, शिक्षक, म्हातारी माणसं, पाळण्यातली पोरं, साऱ्यांनी एकाच वेळी बाहेर जायचं. ज्याला सवड आहे त्यानं जावं आणि ज्याला नाही त्यानं कामाला जुंपून राहावं, अशी मुभाच नाही. ही सक्ती मला फार शहाणपणाची वाटते.

गावपळण का करतात, याची गावात दिली जाणारी उत्तरं तुम्हांला माहीत आहेत. त्या दिवसांत गाव देवाचं असतं, गावातल्या अदृश्य शक्तींना वावरायला मोकळं सोडायचं असतं, असं जुनी माणसं मानतात. शिकलेली माणसं सांगतात, की पूर्वी साथी यायच्या, गाव रिकामं ठेवलं की हवा शुद्ध व्हायची. हे दुसरं उत्तर आपण फार घाईनं पुढे करतो असं मला वाटतं. परंपरेला विज्ञानाचं प्रमाणपत्र मिळवून द्यायची ती धडपड असते. तीन दिवसांत गावाची हवा कितपत बदलेल, यावर वाद घालत बसण्यात मला रस नाही. त्या तीन रात्रींत माणसांचं काय होतं, ते मात्र डोळ्यांना दिसतं. भजनं रंगतात, बायका फुगड्या घालतात, एरवी बांधावरून वाद असलेली घरं शेजारी-शेजारी चुली मांडतात, गजाली मध्यरात्रीपर्यंत चालतात. मुंबईचे चाकरमानी रजा टाकून येतात ते याच्यासाठी. देवळातली पूजा त्यांना एरवीही मिळते. हे उघड्यावरचं जगणं एरवी मिळत नाही.

आता जगात या प्रश्नाचा शोध कसा घेतला गेला, ते थोडं सांगतो.

अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात रेचल आणि स्टीफन कॅप्लान हे मानसशास्त्रज्ञ दांपत्य होतं. १९८९ साली त्यांनी निसर्गाच्या अनुभवावर एक ग्रंथ लिहिला. त्यांचं म्हणणं समजायला सोपं आहे. आपण हिशोब करतो, गाडी चालवतो, परीक्षेचा अभ्यास करतो, तेव्हा लक्ष मुद्दाम एका जागी धरून ठेवावं लागतं. मन दुसरीकडे ओढ घेत असतं आणि आपण ते दाबत असतो. रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याचा, दोर दोन्ही हातांनी ताणून धरलेला माणूस जसा हळूहळू थकतो, तसं हे धरून ठेवलेलं लक्ष थकतं. ते थकलं की चिडचिड वाढते, साध्या चुका होतात, सुचेनासं होतं. झोपेनं थोडं भरून येतं, पण पुरतं नाही. लाटा, ढग, पानांची सळसळ यांच्याकडे मात्र लक्ष आपोआप जातं, धरून ठेवावं लागत नाही. ते जात असताना विचारालाही जागा उरते. तेवढ्या वेळात थकलेली शक्ती सावरते. कॅप्लान दांपत्यानं आणखीही अटी सांगितल्या. रोजच्या व्यापातून दूर आल्याची जाणीव हवी. समोरचं जग मन भटकू शकेल इतकं विस्तीर्ण हवं. आणि तिथे आपल्याला जे करावंसं वाटतं ते करायला ती जागा अनुकूल हवी. या अटी वाचताना आचऱ्याच्या राहुट्या माझ्या डोळ्यांपुढे येत होत्या. वेस ओलांडली की व्याप मागे राहतो, खाडी आणि आभाळ हवं तेवढं मोकळं असतं, आणि करायचं काय तर चूल पेटवायची, पेज शिजवायची, बसायचं.

कॅप्लान यांच्याच विद्यापीठात २००८ साली मार्क बर्मन आणि सहकाऱ्यांनी प्रयोग केला. काही माणसांना वृक्ष-उद्यानातून फिरवलं, काहींना गावातल्या रहदारीच्या रस्त्यांवरून, मग आलटून पालटून. दर वेळी आकड्यांची मालिका उलट क्रमानं म्हणायची परीक्षा घेतली. झाडांतून फिरून आल्यावर उत्तरं स्पष्टपणे सुधारली, रस्त्यांवरून आल्यावर तशी नाही. यातली मला सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट निराळी आहे. काहींच्या वाट्याला हे चालणं मिशिगनच्या कडाक्याच्या थंडीत आलं, त्यांना ते सुखाचं वाटलं नाही, तरी फायदा झाला. मन ताजं व्हायला आनंदच व्हावा लागतो असं नाही. आपण पर्यटनाच्या जाहिरातीत निळं पाणी आणि सोनेरी ऊन दाखवतो. आषाढातला करडा, फेसाळ, अंगावर येणारा दर्या कुणी दाखवत नाही. या प्रयोगाच्या आधारानं मी म्हणेन, की चिवल्याच्या किनाऱ्यावर पावसात छत्री घेऊन उभा राहणारा माणूस वेडा नाही.

दोन अभ्यास ओझरते सांगतो. २०१५ साली स्टॅनफर्डच्या ग्रेगरी ब्रॅटमन यांनी दाखवलं, की दीड तास झाडागवतातून चालल्यावर तीच ती दुःखं मनात घोळवत राहण्याची वृत्ती कमी होते आणि मेंदूत तिच्याशी निगडित असलेला भागही शांत होतो. वाहत्या रस्त्याच्या कडेनं तितकाच वेळ चाललेल्यांत हे घडलं नाही. आणि त्याच्या बऱ्याच आधी, १९८४ मध्ये, रॉजर उल्रिच यांनी पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयाच्या जुन्या नोंदी तपासल्या होत्या. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले रुग्ण, जोड्या लावलेल्या. एकाच्या खिडकीतून झाडं दिसत, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. आपल्या जिल्ह्यात नवी रुग्णालयं बांधली जातात तेव्हा खिडक्या कुठल्या दिशेला ठेवायच्या, हा प्रश्न कुणी विचारतं का, मला शंका आहे. माड, आंबा, फणस दारात असताना रुग्णाला वाहनतळ दाखवायचा, हे पैशानं स्वस्त असेल, पण हिशोब इथेच थांबत नाही.

सुचण्याचं काय? २०१२ साली डेव्हिड स्ट्रेअर आणि रूथ अ‍ॅन अ‍ॅचली यांनी रानात पदभ्रमणाला गेलेल्या गटांची परीक्षा घेतली. तीन वेगवेगळे शब्द द्यायचे आणि तिघांना जोडणारा चौथा शोधायचा, अशी ती परीक्षा. काहींनी निघण्याआधी दिली, काहींनी चौथ्या दिवशी रानातच. चौथ्या दिवशी देणाऱ्यांना सुमारे ५० टक्के जास्त गुण मिळाले. हा आकडा वर्तमानपत्रांनी फार नाचवला. पण त्या दिवसांत माणसं चालत होती, गप्पा मारत होती, हातात फोन नव्हते. यातलं किती झाडांचं आणि किती फोन नसण्याचं, हे त्या प्रयोगातून वेगळं काढता येत नाही, आणि खुद्द संशोधकांनीही ते मान्य केलं आहे. गावपळणीलाही हेच लागू आहे. राहुटीत माणसं हसतात ती खाडीमुळे, की दुकान बंद आहे म्हणून, की शेजारीण बरोबर आहे म्हणून? मला वाटतं, हे सगळं एकत्र येतं म्हणूनच ते काम करतं. निसर्ग माणसांपासून वेगळा काढून गोळीसारखा घेता येत नाही.

आता आपल्या कवी-लेखकांकडे येतो. यावर मला मनापासून बोलायचं आहे.

आपल्याकडे एक समजूत आहे, की कोकणात जन्मलेला माणूस समुद्राकडे बघतो आणि कविता लिहितो. वि. स. खांडेकरांचं उदाहरण थोडंफार जुळतं. सांगलीत जन्मलेले खांडेकर १९२० साली शिरोड्याच्या शाळेत शिक्षक झाले आणि १९३८ पर्यंत तिथे राहिले. ‘हृदयाची हाक’ १९३० ची, ‘उल्का’ १९३४ ची. म्हणजे कादंबरीकार खांडेकर घडले ते शिरोड्यात. पण शिरोड्यानं त्यांना नुसती संध्याकाळची शांतता दिली नाही. मिठागरांचं गाव ते, १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाचं गाव. डोळ्यांपुढे दर्या होता तसं दारिद्र्यही होतं, आणि त्यांच्या पानांवर दोन्ही आली.

बाकीच्यांची नावं काढा. मंगेश पाडगावकर वेंगुर्ल्याचे, विंदा करंदीकर देवगड तालुक्यातल्या धालवलीचे, जयवंत दळवी आरवलीचे. ही सगळी माणसं नावाजली तेव्हा मुंबईत होती. दळवींनी ‘सारे प्रवासी घडीचे’ १९६४ मध्ये प्रसिद्ध केलं, मुंबईत राहून. पुस्तकात गाव मात्र पान न् पान जिवंत. चिं. त्र्यं. खानोलकर, म्हणजे आरती प्रभू, १९३० साली वेंगुर्ले तालुक्यातल्या बागलांची राई इथे जन्मले. कुडाळात खानावळ चालवत असतानाच त्यांच्या कविता मुंबईच्या मासिकांत जाऊ लागल्या. १९५९ मध्ये ‘जोगवा’ हा कवितासंग्रह आला आणि त्याच सुमाराला त्यांनी कुडाळ सोडून मुंबई गाठली. ‘रात्र काळी घागर काळी’, ‘कोंडुरा’, ‘चानी’ या कादंबऱ्या त्यानंतरच्या आहेत. वेंगुर्ल्याजवळचा कोंडुरा हा खडकांवर दर्या आदळत राहणारा किनारा. तो १९६६ साली कादंबरी झाला, तेव्हा लेखक लोकलच्या गर्दीत होता.

यातून मला जे दिसतं ते प्रयोगशाळेत सहज सापडणारं नाही. दीड तासाच्या चालण्यानं काय होतं ते मोजता येतं. पण पंचवीस-तीस वर्षं या मातीत काढलेल्या माणसात काय साठतं, ते कुठल्या चाचणीत येणार? निसर्गातलं ताजेपण एक तर त्या दिवसापुरतं असतं, आणि दुसरं एक असतं जे माणूस नकळत बरोबर घेऊन जातो. ते वीस वर्षांनी, शहरातल्या एका अंधाऱ्या खोलीत, पानावर उतरतं. आज आपण मुलांना दहावीपर्यंत शिकवणीच्या खोल्यांत बसवतो आणि म्हणतो, मोठी झाल्यावर फिरतील की. मोठेपणी फिरून मन ताजं होईल, यात शंका नाही. पण लहानपणी जे आत जायचं राहिलं, ते नंतरच्या सहलींनी भरून निघेल असं मला वाटत नाही.

खानोलकरांबद्दल आणखी एक. त्यांच्या लेखनात निसर्ग सुखद क्वचितच असतो. तो भिववतो, झपाटतो, माणसाला त्याच्या आतल्या अंधाराशी नेऊन भिडवतो. कॅप्लान म्हणतात तशी लक्षाची सौम्य गुंतवण तिथे नाही. आपल्या भागात रात्री देवराईजवळून गेलेल्या कुणालाही ही भीती ठाऊक आहे. मी या भीतीला निर्मितीच्या बाजूची मानतो. माणसाहून मोठं काहीतरी आहे, ते आपल्याला विचारत नाही, हे एकदा अंगावर काटा येऊन कळलं की ‘मी, माझं’ हा घोष थोडा खाली येतो. त्या रिकाम्या झालेल्या जागेत नवं काही शिरू शकतं. गावपळणीतली जुनी समजूत, गाव काही दिवस आपलं नसून दुसऱ्या कुणाचं असतं ही, मला याच कारणासाठी मोलाची वाटते. भुतं मी मानत नाही. पण घर, अंगण, रस्ता यांवरचा हक्क काही दिवस सोडून देण्याची सवय मी मानतो.

मालवण तालुक्यातल्या कुडोपीच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, कोरलेली कातळशिल्पं तुमच्यापैकी काहींनी पाहिली असतील. कोकणातल्या कातळशिल्पांसोबत त्यांचंही नाव युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत गेलं आहे. कोरणारे कोण, हेतू काय, यावर अभ्यासक बोलत राहतील. मला एवढंच दिसतं, की आपल्या भागातली अतिशय जुनी कला उघड्या कातळावर, वारं-ऊन-पाऊस अंगावर घेत उभी राहिली. आणि याच सड्यांना आपण पडीक म्हणतो. पावसाळ्यात त्यांवर जी रानफुलं उमलतात, ती पाहायला वाट वाकडी करून जाणारे आपल्यात किती? चिरेखाणीसाठी सडा फोडताना आपल्याला वाटतं, रिकामी जमीन कामी आली. मोकळेपण हाच तिचा उपयोग होता, हे फोडल्यावर कळून काय होणार?

दर्यावर पोट असलेल्यांबद्दल बोललो नाही तर हे व्याख्यान अर्धवट राहील. मालवणच्या दांडीवर, देवबागला, सर्जेकोटला रापण ओढणाऱ्या माणसाला जाऊन समुद्र मनाला किती विसावा देतो हे सांगणं मला जमणार नाही. जाळं रिकामं आलं की तोच दर्या काळजी देतो. पर्ससीन आणि प्रकाशझोतातल्या मासेमारीनं पारंपरिक मच्छीमाराच्या वाट्याचं मासळीचं पीक घटत चाललं असताना त्याच्या मनाची शांती हा वेगळा, सौंदर्याचा विषय राहत नाही. रोजीची शाश्वती नसेल तर लाटा नुसता आवाज करतात. आणि तरीही १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या दिवसांत होड्या वर ओढलेल्या असतात, आजूबाजूला पाऊस कोसळत असतो आणि माणसं जाळी दुरुस्त करत बसलेली असतात, तेव्हा हात कामात आणि मन मोकळं, अशी एक अवस्था मी तिथे पाहिली आहे. ती कवीला महिन्यातून एकदा लाभते. बंदी मासळीच्या विणीसाठी आहे हे खरं. पण विसावा दर्याला मिळतो तसा माणसालाही मिळतो. तो उपाशीपोटी मिळू नये, एवढं सरकारनं पाहायला हवं.

पाहुण्यांबद्दल माझी तक्रार नाही. तारकर्लीला माणसं येतात, किल्ल्यात जातात, पाण्याखाली उतरून प्रवाळ पाहतात. पाण्याखाली तर स्वतःच्या श्वासाखेरीज काही ऐकू येत नाही, ते मोठंच देणं आहे. पण दोन दिवसांच्या सहलीत सात ठिकाणं उरकणारा माणूस घरून जसा थकून आला तसाच परत जातो. त्याचं लक्ष एक क्षणभरही सैल पडलेलं नसतं. आपल्या घरगुती निवासांच्या मालकांना माझी विनंती आहे, की पाहुण्याला एक सकाळ काहीही न दाखवता धामापूरच्या तलावाकाठी बसवा. १५३० साली बांधलेला तो तलाव, भगवतीचं देऊळ, भोवतीची झाडी. त्यात ‘बघण्यासारखं’ फार नाही, आणि म्हणूनच तिथे बसणं लाभतं. इंग्लंडमध्ये सुमारे २०,००० लोकांच्या माहितीवरून २०१९ मध्ये असं दिसलं, की आठवड्याला दोन तास निसर्गात काढणारी माणसं स्वतःला अधिक निरोगी आणि समाधानी सांगतात, मग ते दोन तास सलग असोत की तुकड्यांत. अशा पाहणीतून कार्यकारण सिद्ध होत नाही. निरोगी माणसं मुळातच जास्त बाहेर पडत असतील. पण मालवणच्या माणसाला हे दोन तास काढायला बस पकडावी लागत नाही. संध्याकाळी किनाऱ्यापर्यंत चालत जाणं पुरे, फक्त किनाऱ्याकडे जाणाऱ्या पायवाटा कुंपणांनी बंद व्हायला नकोत.

शेवटी एक काम सुचवतो. मी आज जे संशोधन सांगितलं ते मिशिगनचं, कॅलिफोर्नियाचं, पेनसिल्व्हेनियाचं. तिथे वीस-पन्नास माणसं गोळा करून रानात पाठवायला पैसे लागतात. आपल्याकडे हजारो माणसं कुणी न सांगता तीन रात्री उघड्यावर राहतात, आणि त्यांचं काय होतं याच्या पद्धतशीर नोंदी आपण ठेवत नाही. पुढच्या गावपळणीच्या आधी जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी, मानसशास्त्राच्या आणि मराठीच्या विभागांनी मिळून, हे हाती घ्यावं. गावच्या बारा-पाच मानकऱ्यांची परवानगी आधी घ्यावी, कारण हा देवाचा कार्यक्रम आहे, प्रयोगशाळा नव्हे. निघण्याच्या आठवडाभर आधी, राहुटीतल्या तिसऱ्या दिवशी आणि परतल्यावर महिन्याभरानं, असे तीनदा साधे प्रश्न विचारावेत: झोप कशी लागली, राग किती वेळा आला, कुणाशी बोललात, फोन किती वेळ हातात होता. म्हाताऱ्यांकडून जुन्या गावपळणींच्या आठवणी ध्वनिमुद्रित कराव्यात. तिथे म्हटली जाणारी गाणी, तिथेच नव्यानं रचली जाणारी गाणी उतरवून घ्यावीत. तिसऱ्या रात्री पहिल्या रात्रीपेक्षा जास्त रचली जातात का, हे मला फार जाणून घ्यायचं आहे. प्रश्न मालवणीत विचारावेत आणि उत्तरं मालवणीतच लिहून घ्यावीत. प्रश्नावली तयार करायला बसणार असाल, तर मला बोलवा.